निकितिनचे जुन्नर

जुन्नरच्या इतिहासाची मांडणी करताना आपण नाणेघाटातील सातवाहन शिलालेखावरून थेट 1630 च्या शिवजन्मापाशी येतो. मधला बहमनी काळ दोन-चार ओळींत उरकला जातो. त्या काळचे जुन्नर स्वतः पाहून लिहिणारा एक साक्षीदार मात्र आहे. तो रशियातील त्वेर शहराचा व्यापारी, अफानासी निकितिन.

त्वेर हे व्होल्गाकाठचे जुने शहर, एकेकाळचे मॉस्कोचे प्रतिस्पर्धी. तिथून निघालेला निकितिन अस्त्राखानजवळ लुटला गेला. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. पुढे इराण आणि होर्मुझ करत, एक घोडा बरोबर घेऊन तो चौल बंदरात उतरला. दख्खनेत परदेशी घोड्यांना मोठी मागणी होती. चौलहून पाली आणि उमरी या मार्गाने 24 दिवसांची वाट चालून तो जुन्नरला पोचला. तोवर घोड्यापायी त्याचे शंभर रुबल खर्च झाले होते. 1469 ते 1474 या काळातील एका पावसाळ्यात तो इथे दोन महिने राहिला.

जुन्नर तेव्हा असदखानाच्या ताब्यात होते. हा खान बहमनी वजीर महमूद गावानच्या हाताखालचा. निकितिन मुसलमान नाही हे कळताच खानाने घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, म्हणून चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी अधिकाऱ्याने रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला आणि धर्मही राहिला.

या वृत्तान्तातील प्रत्येक वाक्य सारख्याच तोलाचे मानता येणार नाही. शहर एका पाषाणाच्या बेटावर आहे, वर चढायला दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की दोघे बरोबरीने जाऊ शकत नाहीत, असे तो लिहितो. शिवनेरी मी अनेकदा चढलो आहे. तासाभरात माणूस वर पोचतो. हे वर्णन खालून कडा पाहून आणि बाजारात ऐकून केलेले दिसते. पावसात लोक नांगरतात आणि गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, असेही तो सांगतो. मी पारगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. भात पावसाळ्याचे खरे, पण गहू आणि हरभरा आपल्याकडे रब्बीचे. निकितिन तर ऑगस्टच्या मध्यालाच बीदरकडे निघाला होता. तांदूळ आणि हरभरा यांसाठी त्याने वापरलेले शब्द रशियन नाहीत, तुर्की आहेत. त्याला माहिती पुरवणारे लोक कोण होते, हे त्यावरून उमजते. त्याचा वावर परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांत होता, कुणब्याच्या बांधावर नव्हता.

मात्र चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, हे वाक्य ऐकीव नाही. घोड्यांना हरभरा घालतात, साखर-तेलातली खिचडी चारतात, ही नोंदही घोडा सांभाळणाऱ्या माणसाची आहे. ‘खिचडी’ हा शब्द त्याने आपलाच उचलला. गडाच्या वर्णनात तो ढिला पडतो. चिखल, घोडा आणि जिवावर बेतलेले ते चार दिवस यांबाबत तो पक्का साक्षीदार ठरतो. राजधानीत बसून लिहिलेल्या तवारिखांत जुन्नरचा असा पावसाळा सापडत नाही.

दाभोळहून परत निघालेला निकितिन त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याला मरण आले. त्याच्या वह्या 1475 मध्ये मॉस्कोत एका दरबारी लेखनिकाच्या हाती पडल्या आणि बखरींत उतरवल्या गेल्या. दहाच वर्षांनी, 1485 मध्ये, मॉस्कोने त्वेरचे राज्य गिळले. पुढे इतिहासकार करमझिनने हा मजकूर उजेडात आणला आणि 1857 मध्ये लंडनच्या हॅक्लुट सोसायटीने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले.

त्वेरने 1955 मध्ये व्होल्गाकाठी त्याचा पुतळा उभारला. त्या शहराच्या लेखी तो दूरदेशी गेलेला आपला माणूस. आपल्या लेखी तो जुन्नरचे साधन आहे, आणि साधनासारखाच, वाक्यावाक्याला पारखून, तो आपल्या तालुक्यात वाचला गेला पाहिजे. पारखणीसाठी लागणारे ज्ञान मोठ्या ग्रंथालयांतच असते असे नाही. हरभरा कधी पेरतात, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.