तृणमण्याची पारख

हेब्बाळ हे बंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव. आज ते शहरात पुरते मिसळून गेले आहे; पण २०१८ साली तेथे एक कोरीव शिळा उजेडात आली आणि या वस्तीचे वय किती मोठे आहे याची सर्वांना जाणीव झाली. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकीर्दीतला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा हा वीरगळ आहे. राष्ट्रकूटांच्या सैन्याशी लढताना धारातीर्थी पडलेल्या कित्तय्य नावाच्या वीराची ती स्मृती. लिपीचे वळण, भाषेचे रूप आणि राजाचे नाव या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला, तेव्हा जाणकारांनी तिचा काळ ठरविला. तिच्यासोबत कोणताही दाखला आलेला नव्हता.

याच हेब्बाळच्या वाटेवर, बेळ्ळारी रस्त्यालगत मेखरी सर्कलजवळ, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापन केलेली संशोधन संस्था आहे. हिरे, मोती, ओपल, स्फटिक यांचा रामन यांना मोठा नाद. त्यांनी जमविलेला खनिजांचा आणि रत्नांचा संग्रह या संस्थेत आहे. वस्तूवर प्रकाश पडल्यावर ती त्या प्रकाशाचे काय करते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. या अभ्यासातून निघालेली एक पद्धत आज खरा तृणमणी आणि खोटा तृणमणी यांचा निवाडा करण्यासाठी वापरली जाते. पण तेथवर येण्यास माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि या वाटचालीत एकामागून एक कसोटी निकामी ठरत गेली. ती हकीकत मनोरंजक आहे. खऱ्या-खोट्याची चाड असलेल्या प्रत्येकाला तिच्यातून काही शिकताही येईल.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. बाजारात ज्याला ‘अंबर’ म्हणतात त्या एका शब्दात दोन अगदी भिन्न पदार्थ लपलेले आहेत. एक अंबर सुगंधी. ते देवमाशाच्या आतड्यात तयार होते आणि समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागते. दुसरे अंबर म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या वृक्षांची राळ. ती मातीत गाडली गेली, घट्ट झाली आणि दगडासारखी होऊन राहिली. पिवळ्या, मधाच्या रंगाच्या माळा होतात त्या या दुसऱ्या पदार्थाच्या. संस्कृतात याला तृणमणी किंवा तृणकांत म्हणतात, आणि आयुर्वेदीय औषधींत तृणकांतमण्याची पिष्टी आजही प्रसिद्ध आहे. फारसीत त्याचे नाव कहरुबा. ‘काह’ म्हणजे वाळलेले गवत, आणि ते ओढून नेणारा तो कहरुबा. दोन भाषांनी, दोन निरनिराळ्या शब्दांत, नेमके एकच लक्षण टिपले आहे. लोकरीवर घासला असता हा मणी गवताची काडी आपल्याकडे ओढून घेतो.

हीच या मण्याची पहिली कसोटी, आणि ती नावातच गोवलेली होती. ग्रीक लोक त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. त्याच्या या आकर्षणाचा उल्लेख इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील थेलीसच्या नावाशी जोडला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही बोटांनी चोळून ऊब आली की हा मणी भुसा ओढतो, असे लिहून ठेवले आहे. या मण्याच्या किमतीविषयी त्याने केलेली तक्रार वाचण्यासारखी आहे. तृणमण्याची एखादी इवलीशी मानवमूर्ती जिवंत, धडधाकट माणसाच्या किमतीहून महाग विकली जाते, असे तो म्हणतो. त्या काळी रोममध्ये गुलामांचा बाजार भरत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाक्याचा अर्थ अंगावर येतो. जेथे एवढी किंमत, तेथे बनावट ही आलीच. प्लिनीच सांगतो की, तृणमणी रंगवीत असत. इतकेच नव्हे तर रंगविलेल्या तृणमण्याचा उपयोग जांभळ्या स्फटिकासारख्या अन्य रत्नांची नक्कल करण्यासाठी होत असे. ज्याची नक्कल व्हावयाची, तोच येथे दुसऱ्याची नक्कल करीत होता.

आपल्याकडेही रत्नपरीक्षा हे स्वतंत्र शास्त्र होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे एक संपूर्ण प्रकरण आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षा आहे. बुद्धभट्टाचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. आणि दिल्लीच्या सुलतानांच्या सेवेत असलेल्या ठक्कुर फेरू याने १३१५ साली प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ लिहिली. सोन्यासाठी कसोटीचा दगड होता, आणि त्या दगडावरूनच ‘कस लागणे’ हा प्रयोग मराठीत रूढ झाला. दगडावर उमटलेली रेघ जाणत्याला सोन्याचा कस सांगते. तृणमण्याचा कस मात्र गवताच्या काडीने लागत असे.

या कसोटीला पहिला धक्का १६०० साली बसला. इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने लोहचुंबकावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवून दिले की, घासल्यावर हलक्या वस्तू ओढून घेण्याचा गुण एकट्या तृणमण्याचा नव्हे. काच, गंधक, राळ, पत्रांवर मोहर करावयाची लाख, अशा कित्येक पदार्थांत तो आहे. या सर्वांना त्याने ‘इलेक्ट्रॉन’वरून नाव दिले, आणि पुढे विद्युतशास्त्राचे पाश्चात्त्य नाव त्यातूनच आले. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. पण पारख्याच्या हातातील काडी त्या दिवशी निरुपयोगी झाली. आज तर प्लॅस्टिकचा कंगवादेखील कागदाचे कपटे ओढतो. तेव्हा एखाद्या विक्रेत्याने मणी बाहीवर घासून कपटा उचलून दाखविला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे गिऱ्हाइकाने समजून असावे.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने दुसरी कसोटी दिली. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरचा तृणमणी तापविला की त्यातून एक आम्ल निघते. त्याला सक्सिनिक आम्ल म्हणतात. हाइनरिख श्लीमान याला १८७६ साली ग्रीसमधील मायसिनीच्या थडग्यांत तृणमणी सापडले, आणि डान्झिगच्या ऑटो हेल्म याने या आम्लाच्या आधारे ते बाल्टिकचेच आहेत असे प्रतिपादन केले. पुढे अमेरिकेतील कर्ट बेक याने दाखवून दिले की, हे आम्ल इतर प्रदेशांतील राळांतही आढळते. म्हणून केवळ तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. १९६४ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अवरक्त किरणांची पद्धत पुढे आणली. बाल्टिकच्या मण्याचा आलेख खांद्यासारखा एक विशिष्ट उतार दाखवितो. गंमत अशी की, मायसिनीच्या मण्यांविषयी हेल्मचा निष्कर्ष या नव्या पद्धतीने बव्हंशी बरोबरच ठरला. उत्तर बरोबर होते, पुरावा अपुरा होता.

दरम्यान नकला करणारे स्वस्थ बसले नव्हते. १८७० नंतर सेल्युलॉइड आले. शतकाच्या अखेरीस दुधातील केसिनपासून केलेला पदार्थ आला. १९०७ साली बेकेलाइट आले आणि त्याच्या मधाच्या रंगाच्या माळा जगभर गेल्या. याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे खऱ्या तृणमण्याचा चुरा उष्णतेने मऊ करून, दाबून केलेला मणी. द्रव्य खरे, मणी मात्र घडविलेला. आणि सर्वांत फसवा म्हणजे कोपल. ही खरोखरीच झाडाची राळ. फक्त तिचे वय कोवळे. तृणमण्याचे वय कोटींत मोजावे लागते. उत्तर ब्रह्मदेशातील हुकाँग खोऱ्याचा तृणमणी सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचा आहे. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे लिग्नाइटच्या खाणीत सापडणारा सुमारे ५ कोटी वर्षांचा आहे. २०१० साली त्यातील कीटकांचे वर्णन प्रसिद्ध झाले. कोपल या मानाने कालपरवाची.

आता प्रकाशाची कसोटी. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन यांनी जो परिणाम जगापुढे आणला, त्याचे सार थोडक्यात असे की, एकरंगी प्रकाश एखाद्या पदार्थावर पडून विखुरला म्हणजे त्याचा अल्पसा अंश रंग बदलून बाहेर येतो, आणि हा बदल त्या पदार्थातील अणूंच्या बंधांवर अवलंबून असतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, १९३३ साली ते बंगळूरला आले आणि १९७० साली तेथेच निवर्तले. लेसर किरणांचा शोध लागल्यावर या पद्धतीला खरी धार आली. ताज्या राळेत कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात. काळ लोटतो तसतसे ते जुळून कमी होतात. त्या बंधांची खूण आलेखात जितकी ठळक, तितकी राळ कोवळी. म्हणजे हा प्रकाश पदार्थाचे नाव सांगतो आणि वयाचा अंदाजही देतो; आणि मण्याला ओरखडादेखील पडत नाही.

अशी यंत्रे घरोघरी असणे शक्य नाही. आईच्या किंवा आजीच्या पेटीतून निघालेली पिवळी माळ हाती घेऊन बसलेल्या गृहिणीने काय करावे? तिच्यासाठी सर्वांत चांगली कसोटी स्वयंपाकघरातच आहे. २०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि दोऱ्यातून सोडविलेला, धातूचे काहीही न जडविलेला एक मणी त्यात टाकावा. तृणमण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०५ ते १.१० च्या आसपास असते आणि या मिठवणीचे सुमारे १.१५, म्हणून खरा मणी तरंगतो. बेकेलाइट, केसिन, सेल्युलॉइड, काच ही सर्व तळाला जातात. नंतर मणी साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावा. उन्हात ठेवू नये.

परंतु तरंगणारा प्रत्येक मणी खरा नव्हे. कोपल तरंगते, आणि पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिकही तरंगते. कोपलसाठी भोकाच्या आतल्या बाजूस, दिसणार नाही अशा जागी, नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनचा एक थेंब लावून पाहतात. कोपल चिकट होते, तृणमणी सहसा होत नाही. तापविलेली सुई टोचून वास घेण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. खऱ्या मण्याला राळेचा सुवास येतो, प्लॅस्टिकला उग्र दर्प. पण त्या परीक्षेत मण्याला कायमचा डाग पडतो, आणि कोपलही राळच असल्यामुळे तिच्याही वासाने फसगत होते. तेव्हा ही सुई दूरच ठेवावी. हातात घेतल्यावर खरा मणी हलका आणि उबदार लागतो, काच थंड आणि जड लागते. हे मात्र कोणालाही तत्काळ कळते.

या सर्व घरगुती परीक्षांचे मर्म एकच आहे. त्या खोट्याला बाहेर काढू शकतात. खऱ्याची ग्वाही देऊ शकत नाहीत. बुडाला तो गेला. पण तरला त्याची चौकशी अजून पुरी व्हावयाची असते. मौल्यवान माळ विकत घ्यावयाची असेल तर शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच असला पाहिजे. आणि औषधासाठी घ्यावयाच्या तृणकांताच्या बाबतीत तर या सावधगिरीला अधिकच महत्त्व आहे. दागिन्यात फसलेल्या माणसाचे पैसे जातात. पोटात प्लॅस्टिक गेले तर नुकसान कोठे थांबेल हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेलाही आपल्या उत्तराची मर्यादा माहीत असावी लागते. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात बाल्टिक तृणमण्यात अडकलेली एक माशी होती. हेर्मान लोव याने १८५० साली तिचा उल्लेख केला होता, संग्रहालयाने ती १९२२ साली घेतली, आणि विली हेनिग याच्यासारख्या श्रेष्ठ कीटकशास्त्रज्ञाने १९६६ साली तिच्यावर लिहिले. कोट्यवधी वर्षांत या जातीत काहीच बदल झाला नाही, असा तिचा अर्थ होत होता. १९९३ साली अँड्र्यू रॉस हा तरुण अभ्यासक तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता मण्यात एक चीर दिसली. कोणीतरी मणी दुभागून, एक भाग कोरून, त्यात साधी आजकालची माशी बसवून तो पुन्हा चिकटविला होता. मणी अस्सल होता. त्या मण्याचे कितीही पृथक्करण केले असते तरी उत्तर ‘खरा’ असेच आले असते. कारण प्रश्न मण्याविषयी विचारला जात होता, माशीविषयी नव्हे.

हेब्बाळची ती शिळा याच्या उलट उदाहरण आहे. तिच्यात खोटे काहीच नव्हते. तरी ती शतकानुशतके कोणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण तिच्यावरची अक्षरे वाचणारा तेथे पोचला नव्हता. आजीच्या पेटीतील माळेचेही असेच आहे. ती मिठाच्या पाण्यात तळाला गेली तर बाजारात तिचे मोल थोडे येईल, एवढेच. आजीने ती ज्या दिवशी गळ्यात घातली तो दिवस त्यामुळे खोटा होत नाही. मात्र ती विकावयास काढताना ‘खरी आहे’ असे सांगण्याचा अधिकार आता कोणालाही उरत नाही. हे जाणूनच तिची परीक्षा करावी.