औट्रमघाट : नावांचा इतिहास

जंगलालाही इतिहास असतो आणि तो कोणी लिहिला हे पुष्कळदा जंगलाच्या नावावरूनच कळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात मी तेथे हिंडलो. पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण, वर पानझडी रान आणि मधे खोल दऱ्या. लपणाऱ्याला आसरा देणारी ही भूमी आहे.

मग हा औट्रम कोण? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांनी ही सत्ता मुकाट्याने मानली नाही. नुसत्या फौजांनी डोंगर वश होईना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. भिल्लाला गणवेश चढवून त्याच्याकडूनच भिल्लाचा बंदोबस्त करावयाचा, अशी ही व्यवस्था होती. पलटणीत गेलेल्या भिल्लाला आज दूषण देणे सोपे आहे; त्याची उपासमार आणि त्याच्यापुढचे पर्याय मात्र कोणी विचारात घ्यावयाचे?

ही नीती केवळ आपल्याकडची नव्हे. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका हेही ज्वालामुखीतून घडलेले बेट. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम तेथील डोंगररानात वस्ती करून राहिले, लढले. त्यांना मरून म्हणत. त्याच डोंगरांत १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९७ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच समुद्रातील जमैका बेटावर इंग्रजांनी १७३९ मध्ये मरूनांशी तह केले. त्यांना स्वातंत्र्य दिले. पण पुढे पळून येणाऱ्या गुलामांना पकडून परत करण्याची अट घातली. पळालेल्यानेच पळणाऱ्याला धरावयाचे! औट्रमच्या आधी शंभराहून कमी वर्षे हा प्रयोग झालेला होता.

कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे उभे राहिले, तेव्हा त्या दगडाला आपल्यासाठी अर्थ आला. या घाटाच्या नावात मात्र साहेब उरला. भिल्ल उरला नाही.

आणि तरीही याच अभयारण्यात पितळखोरे आहे. इसवी सनापूर्वीची ही बौद्ध लेणी याच काळ्या पाषाणात खोदली गेली. येथील लेखांत पैठणच्या गांधिक कुळातला मितदेव भेटतो, राजवैद्य मागिलाचे घराणे भेटते. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर तर घडविणाऱ्याचेच नाव आहे : कण्हदास, धंद्याने सोनार. दान देणारा आणि हाताने घडविणारा, दोघांचीही नावे त्या संघाच्या वास्तूत मावली. धंद्याची लाज तेथे कोणाला वाटली नाही.

म्हणून वनरक्षणाला माझा विरोध नाही. ते रान टिकलेच पाहिजे. पण जनावरांची आणि झाडांची यादी करणाऱ्या फलकावर या डोंगरात राहिलेल्या, लढलेल्या माणसांनाही जागा हवी. सरकार ती देईल तेव्हा देईल. कन्नड-चाळीसगावच्या भिल्ल वस्त्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी टिपण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी आजच हाती घ्यावे. कण्हदासाने आपले नाव स्वतःच कोरले नसते, तर आज तेही आपल्याला ठाऊक नसते.