तळटीप : 'अंत्याभ्यंग'

आजाऱ्याला तेल लावण्याच्या कॅथलिक संस्कारासाठी मूळ मजकुरात आलेला हा शब्द जुना आणि दिशाभूल करणारा आहे. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या एखाद्या वस्तीवर फादर आजाऱ्याकडे गेले म्हणजे शेवट जवळ आला, असा अर्थ त्यातून निघतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवले, आणि हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, असेही स्पष्ट केले. याकोबाच्या पत्रात (५:१४) तरी मरणाची अट कुठे आहे? जवळच मिरजेत १८९४ पासून मिशन इस्पितळ असताना तेल कशाला, हा आक्षेप तोकडा पडतो: डॉ. वानलेस यांचे ते इस्पितळ (प्रेस्बिटेरियन, कॅथलिक नव्हे) तिथे पोचलेल्याला बरे करी. अंथरुणाला खिळलेल्याकडे कुणीतरी चालत जावेच लागते. अशा भेटीमागे धर्मांतराचा हेतू असेल, ही शंकाही इथे लागू नाही, कारण हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो.