बारमाही गुलाबाचा रानटी पूर्वज

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोटमध्ये अंगणात किंवा कुंडीत दिसणारा गुलाब बहुधा रोपवाटिकेतून आणलेला कलमी गुलाब असतो. छाटणी व खतपाणी वेळेवर झाल्यास तो वर्षातून अनेकदा फुलतो. हा गुण त्याला चीनमधील 'रोझा चायनेन्सिस' या प्रजातीकडून मिळाला. या प्रजातीचा 'स्पॉन्टेनिया' हा रानटी प्रकार मात्र वर्षातून एकदाच, वसंतात बहरतो.

स्वरूप व शोध : हुबेई, सिचुआन आणि ग्वेझाऊ या प्रांतांत आढळणारी ही काटेरी वेल झाडाझुडपांच्या आधाराने वर चढते. फूल पाच पाकळ्यांचे असून उमलल्यानंतर त्याचा फिकट रंग लालीकडे झुकत जातो. आयरिश वनस्पतितज्ज्ञ ऑगस्टीन हेन्री यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यीचांगजवळ ती आढळली. त्यांनी १९०२ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. जपानचे मिकिनोरी ओगिसू यांनी १९८३ मध्ये सिचुआनमध्ये तिचा पुन्हा शोध लावला.

बारमाही बहराचे कारण : गुलाबाचा बहर रोखून धरणारे एक जनुक बागेतील वाणांत निकामी झाले आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. हा बदल झालेली झाडे चिनी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

भारताशी नाते : लिनियसने १७५३ मध्ये चीनच्या गुलाबाला 'रोझा इंडिका' असे नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपात पोहोचू लागले. त्यांतील काही कोलकात्याच्या वनस्पती उद्यानामार्गे गेल्याने तेथे त्यांना 'बंगालचे गुलाब' म्हटले जाई. युरोपीय वाणांशी त्यांचा संकर होऊन आधुनिक गुलाब घडला. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा त्यातील प्रसिद्ध टप्पा होय.

बागेतील खूण : कलमी गुलाबात रानटी खुंटावर चांगल्या वाणाचा डोळा भरलेला असतो. खुंटासाठी वापरली जाणारी 'रोझा मल्टिफ्लोरा' हीदेखील चीन, जपान व कोरियातील रानवेलच आहे. उन्हाळ्याच्या तडाख्यात वरचा वाण वाळला, की जोडाखालून खुंटाची जोमदार फूट निघते. 'गुलाब रानटी झाला' असे म्हटले जाते ते यामुळेच. अशी फूट दिसताच मुळापासून काढावी, अन्यथा झाडाची सारी शक्ती तीच घेते.

संरक्षण : डोळा भरून किंवा फांदी लावून वाढविलेला गुलाब मूळ झाडाची नक्कलच असतो. त्यामुळे बागांत झाडे कितीही वाढली, तरी आनुवंशिक विविधता वाढत नाही. ती रानातल्या वेलींतच टिकून असते. चीनने २०२१ मध्ये 'स्पॉन्टेनिया'चा समावेश राष्ट्रीय संरक्षित वनस्पतींच्या दुसऱ्या श्रेणीत केला. मणिपूरच्या डोंगरांतही आढळणारा 'रोझा जायगँटिया' हा तिचा आप्त त्याच यादीत आहे. नवे वाण घडविण्यासाठी लागणारी मूळ सामग्री अशा रानांतच शिल्लक आहे.