देसाईगंजचा खटला आणि भरपाईचा हक्क

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी अत्याचाराची गोष्ट पुष्कळदा पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे, तांड्याच्या नायकापुढे, क्वचित धर्मगुरूच्या दारी येऊन थांबते. तेथे चार शहाणी माणसे ‘पोरीची अब्रू जाईल, मिटवून टाका’ असा सल्ला देतात. कायद्याची वाट आज जेवढी मोकळी झाली आहे, तेवढी ती कशी झाली हे समजून घ्यायचे तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेकाठच्या देसाईगंजला जावे लागते. दोन्ही गावांत अंतर फार. परंतु दोहोंकडील अपिले उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेच जातात.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वय चौदा ते सोळा, पोटासाठी मोलमजुरी. भावाने दिलेल्या एका तक्रारीच्या चौकशीसाठी तिला तेथे आणले होते. नातेवाईक बाहेर वाट पाहत उभे होते आणि आरोपी होते ठाण्यातलेच दोन शिपाई. तिचे नाव पुढे देशभर खटल्याला चिकटले. आम्ही ते येथे लिहीत नाही. १९७४ साली सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवून शिपायांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे सूत्र मांडून एकाला पाच वर्षांची, तर दुसऱ्याला एक वर्षाची सजा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष मुक्त केले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा प्रतिकाराची आणि ओरडण्याची हकीकत खोटी, असा त्या निकालाचा तर्क होता.

हा तर्क बायबलच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात वाङ्निश्चय झालेल्या मुलीविषयी गाव आणि रान असा भेद केला आहे. गावात अत्याचार झाला आणि ती ओरडली नाही, तर ती दोषी. रानात झाला तर ती निर्दोष, कारण तेथे तिची हाक ऐकणारे कोणी नव्हते. त्या कृत्याची तुलनाही शेजाऱ्याच्या खुनाशी केली आहे. देसाईगंजचे ठाणे भर वस्तीत होते खरे. परंतु आतून दार लागल्यावर त्या मुलीपुरते ते रानच होते. न्यायमूर्तींना तेवढे दिसले नाही. मात्र त्याच अध्यायाची पुढची वचने आपण सहसा प्रवचनात घेत नाही. वाङ्निश्चय न झालेल्या मुलीवर बळजबरी करणाऱ्याने तिच्या बापाला पन्नास शेकेल रुपे द्यावे आणि मुलीशी लग्न करावे, असे तेथे सांगितले आहे. भरपाई बापाला आणि मुलगी गुन्हेगाराच्या घरी! गावकीतल्या तडजोडी आजही याच नियमाने चालतात, फक्त शेकेलच्या जागी रुपये आले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून निकालाचा निषेध केला. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. न्यायालयाने निकाल बदलला नाही. संसदेने १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला, अशा खटल्यात ‘संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे प्रथमतः मान्य करण्याचा नियम झाला आणि पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा झाला.

परंतु ज्या मुलीच्या खटल्यामुळे हे घडले तिच्या हाती काय पडले? १९८३ चा कायदा शिक्षेविषयी बोलला, तिच्या उद्याच्या भाकरीविषयी बोलला नाही. तो विचार फार सावकाश आला. १९९४ साली दिल्लीच्या घरकामगार महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईसाठी मंडळ नेमण्यास सांगितले. २००० मध्ये, हावड्याला रेल्वेच्या जागेत बलात्कार झालेल्या बांगलादेशी महिलेला रेल्वेने दहा लाख रुपये द्यावेत, हा आदेश त्याच न्यायालयाने कायम केला. देसाईगंजला तर खुद्द शासनाचेच शिपाई होते. अखेर ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ क आले. आरोपी सापडला नाही तरी, इतकेच नव्हे तर तो निर्दोष सुटला तरीही, पीडितेच्या पुनर्वसनासाठी भरपाई मिळू शकते, असे ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ रोजी मनोधैर्य योजना सुरू केली. आरंभीची तीन लाखांची मर्यादा २०१७ साली दहा लाखांपर्यंत वाढवण्यात आली.

ख्रिस्तसभेने या विषयात इतरांना शिकवण्याआधी आपले घर पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने एका कॅथोलिक धर्मगुरूस अल्पवयीन मुलावरील अत्याचाराबद्दल जन्मठेप सुनावली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९ च्या आदेशाने अशा गोष्टी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले आणि देशाच्या कायद्याचे कर्तव्य त्याने कमी होत नाही, हेही स्पष्ट केले. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. पापनिवेदनाची गुप्तता ही वेगळी गोष्ट. धर्मग्रामाच्या कार्यालयात कानी आलेली तक्रार म्हणजे पापनिवेदन नव्हे.

‘क्षमा करा’ हा उपदेश आम्ही धर्मगुरू फार लवकर करतो. पण प्रायश्चित्त संस्कारात चोरलेली वस्तू परत करण्याची अट आहे. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले, तेव्हा प्रभूने त्याला अडवले नाही. पीडितेने क्षमा करावी की नाही, हा तिचा आणि देवाचा प्रश्न आहे. भरपाई हा तिचा हक्क आहे, आणि क्षमा केल्याने तो बुडत नाही.

मानोऱ्याच्या पीडितेचा भरपाईचा अर्ज वाशिमला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. स्त्रिया आणि बालके यांना तेथे उत्पन्नाची अट न घालता वकील मोफत मिळतो. कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार व औषधोपचाराचे पैसे मागू शकत नाही. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नोंद करण्यास नकार देणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.