दात पाहणारे आणि दाखला पाहणारे

माझा विषय ऐकला की समोरचा माणूस आधी हसतो. 'बैलगाडा शर्यतीवर पीएच.डी.?' मग मी सांगते की शर्यतीवर नाही, शर्यतीतल्या तपासणीवर. नियम कोण करतं, तो मोडला हे कोण ठरवतं आणि मोडल्यावर कुणाचं काय जातं, एवढंच मला बघायचं आहे. बहुतेकांचा रस इथे संपतो. माझा जिथे सुरू झाला ती जागा आधी सांगते, कारण संशोधनाचा प्रश्न कुठून येतो असं तुमच्यातले बरेच जण विचारतात.

पोलादपूरच्या बाजूला, भात कापून कोरड्या पडलेल्या खाचरांत एक शर्यत होती. मामा घेऊन गेले होते. आंबेनळी घाट उतरून साताऱ्याकडच्या जोड्या आल्या होत्या. त्यांच्याबरोबर घाटावरचे गटही आले होते. तिकडे बैलांचे गट दातांवर ठरतात. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो 'आदत', दोन पक्के दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा'. आदत गटात एका खोंडावर हरकत आली. समोरच्या जोडीचा मालक म्हणाला, हा आदत नाही, दोन दात आलेत.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. शर्यत थांबली. दोन जाणती माणसं पुढे आली, एकाने वेसण धरली, दुसऱ्याने खालचा ओठ दाबून तोंड उघडलं. भोवती शंभरेक माणसांचं कडं, मोबाइलचे उजेड थेट खोंडाच्या तोंडात. दोन पक्के दात निघाले. जोडी बाद. मालक पुटपुटला, पण त्याने जोडी बाहेर काढली.

त्याच वेळी मंडपातल्या टेबलावर पशुवैद्यकांच्या दाखल्यांचा गठ्ठा होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवलेला. मी तिथे होते तोवर तो दगड कुणी उचलला नाही. मी मामांना विचारलं, 'हे दाखले कोण बघतं?' ते म्हणाले, 'पोरी, ते साहेब आले तर त्यांच्यासाठी.'

एकाच मैदानावर दोन तपासण्या होत्या. एक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली आणि तिचा निकाल लगेच लागला. दुसरी दगडाखाली होती. असं का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न.

पहिल्या तपासणीसारखं उदाहरण शोधताना मी अमेरिकेतल्या मोटारींपर्यंत पोचले. गंमत म्हणून नाही, प्रश्न तोच होता म्हणून. १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीच्या धावपट्टीवर नॅसकारने एक शर्यत घेतली. अट अशी की गाडी दुकानातून येते तशीच हवी, बदल चालणार नाही. ग्लेन डनवे नावाच्या चालकाने १९४७ ची फोर्ड चालवत ती शर्यत तीन फेऱ्यांच्या फरकाने जिंकली. शर्यतीनंतर तपासनिसाने गाडीखाली पाहिलं तर मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार केलेला. चोरटी दारू वाहणारे लोक भरलेली गाडी वळणावर सावरावी म्हणून करायचे, तसाच. डनवे बाद झाला आणि जिम रोपर विजेता ठरला. गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा ठोकला, पण तो टिकला नाही. शर्यत भरवणाऱ्या संस्थेला नियम करण्याचा आणि लावण्याचा अधिकार आहे, हे त्यातून पक्कं झालं.

दोन गोष्टी बघा. तपासणी शर्यत संपल्यावर झाली, म्हणजे ज्या अवस्थेत गाडी धावली त्याच अवस्थेत ती तपासली गेली. आणि डनवे बाद होण्यात रोपरचा फायदा होता. नियमाला दावेदार होता. आमच्या खाचरातल्या दातांच्या हरकतीचंही तेच. हरकत घेणाऱ्याचं बक्षीस अडकलेलं होतं, म्हणून नियम जिवंत होता.

आता दगडाखालच्या कागदांकडे. त्यांचा इतिहास बराच वळणांचा आहे, मी भराभर सांगते. मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम लक्षात ठेवा. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. वाघ, सिंह, अस्वल, माकड त्या यादीत आधीच होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शर्यतबंदी उचलून धरली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद ठरवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेने वाट काढून दिली, धावपट्टी दोन किलोमीटरपेक्षा लांब नको अशा अटींवर, आणि आठवड्याच्या आत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली. पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्याला अंतरिम मनाई केली. शर्यती खऱ्या अर्थाने परत आल्या त्या १६ डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

राज्याच्या २०१७ च्या नियमांत काय आहे? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, एक हजार मीटरपेक्षा लांब नसलेली धावपट्टी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक किंवा विजेचा झटका देणारी साधनं यांना बंदी, आणि शर्यतीचं चित्रीकरण. दुरुस्तीत शिक्षाही वाढली, पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पाच लाख. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, आता धाक बसला असणार. माझ्या पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'कशावरून?'

शिक्षा किती मोठी यावरून नियम किती लागतो हे कळत नाही. दातांचा नियम कुठल्याही राजपत्रात नाही, तो मोडला तर कैद नाही, आणि तरी तो काटेकोर पाळला जातो.

दाखल्याची अडचण तो खोटा असण्याची नाही. तो खरा असला तरी ज्या वेळेबद्दल बोलतो ती वेळ वेगळी असते. बैल निरोगी आहे, लंगडत नाही, अंगावर जखम नाही, हे तपासणीच्या क्षणाचं सत्य. क्रूरता होते ती त्यानंतर, धावपट्टीवर, काही सेकंदांत. शेपूट पिरगाळली, गाडीवानाच्या हातात बारीक काही टोकदार असलं, तर सकाळच्या कागदात ते कसं येणार? डनवेची गाडी शर्यतीच्या आधी वरवर पाहून सोडली असती तर तीही 'ठीक' ठरली असती.

महाडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. मे महिन्यातली सावित्री आणि ऑगस्टमधली सावित्री ज्याने पाहिली आहे त्याला कागदातली तारीख आधी वाचायची सवय लागते. आमच्याकडे अजूनही कुणी 'तपासणी झालीय' म्हणालं की कुणीतरी विचारतंच, 'कधी?'

दाखल्याबद्दल दुसरा प्रश्न आहे, 'कुणाची?' सरकारच्या पशुधन नोंदणीत जनावराच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात. दाखल्यावरचा बैल आणि छकडीला जुंपलेला बैल एकच आहे का, हे त्या क्रमांकावरून अर्ध्या मिनिटात ताडून बघता येतं. त्या दिवशी खोंडाचं तोंड उघडायला शंभर माणसं वाकली, पण शेजारच्या कानाकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. पाहून त्यांना मिळणार काय होतं? बिल्ला जुळला नाही तर कुठला प्रतिस्पर्धी जिंकतो? क्रूरतेचा नियम ज्याच्यासाठी केला, तो हरकत घेऊ शकत नाही.

मग त्याच्या वतीने कोण घेतं? इथे न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, आणि निष्कर्षाआधी त्यांचा पुरावा वाचा. २०१४ च्या निकालात भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या निरीक्षकांचे अहवाल आहेत. ही माणसं तमिळनाडूत अवनियापुरम, पालमेडू, अलंगनल्लूर इथे जल्लीकट्टूच्या मैदानावर उभी राहिली, काय होतं ते टिपलं, छायाचित्रं काढली. म्हणजे त्या निकालाचा पाया डोळ्यांनी पाहिलेलं वर्तन हा आहे. (महाराष्ट्रातल्या शर्यतींबद्दल त्या तोडीचं निरीक्षण निकालात मला सापडत नाही. जल्लीकट्टूच्या पुराव्याची सावली आपल्या शर्यतींवर पडली, हा शर्यतवाल्यांचा आक्षेप मला पूर्ण चुकीचा वाटत नाही.) २०२३ च्या निकालाचा भार मात्र नव्या नियमांच्या मजकुरावर आहे. दुरुस्त्या आणि नियम एकत्र वाचले तर जनावरांचा त्रास बराच कमी होतो, असं घटनापीठाने मानलं आणि नियमांच्या कडक अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

एका निकालाने मैदान वाचलं, दुसऱ्याने राजपत्र. दोन्ही आपापल्या जागी रीतसर आहेत. पण २०१४ चं मैदान २०२१ नंतर कसं बदललं, याचं उत्तर दुसऱ्या निकालात शोधू नका, ते तिथे असणारच नाही. मी स्वतः सहा महिने तिथेच शोधत होते.

शर्यतीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे एकांगी होईल. बंदीच्या वर्षांत शर्यती पूर्ण थांबल्या नव्हत्या, काही चोरून होत होत्या. भल्या पहाटे, आडरानात, पोलीस यायच्या आत उरकायच्या. अशा ठिकाणी पशुवैद्यक कुठून येणार? परवानगी आली तशी शर्यत उजेडात आली, आणि उजेडात आलेल्या गोष्टीची निदान नोंद तरी होते. माझे मामा बंदी उठल्यावर खूश झाले ते एवढ्यासाठीच, की आता बैलाला लागलं तर डॉक्टरला खरं सांगता येतं. हा मुद्दा मला कुठल्याही निकालात मिळाला नाही, मामांच्या ओटीवर मिळाला.

आता कामाचं. गुन्ह्यांची संख्या मोजून अंमलबजावणी मोजता येईल का? मी आधी तेच करणार होते. पण गुन्हा नोंदायला तक्रारदार लागतो आणि तक्रारदार कमी का, हाच तर आपला प्रश्न. शून्य गुन्हे म्हणजे शून्य क्रूरता असंही असू शकतं आणि शून्य हरकतदार असंही. एकच आकडा दोन्ही गोष्टी सांगत असेल तर तो पुरावा म्हणून कच्चा.

म्हणून मी नियमानेच तयार होणाऱ्या कागदांकडे वळले. प्रत्येक परवानगीमागे एक फाइल असायला हवी. आयोजकाचा अर्ज, जोड्यांचे दाखले, परवानगीचा आदेश आणि चित्रीकरण. पहिल्या तीन गोष्टी शर्यतीच्या आधीच्या. धावपट्टीवरच्या सेकंदांबद्दल बोलणारी गोष्ट एकच, चौथी. माहिती अधिकाराच्या माझ्या पहिल्या अर्जात मी विचारलं होतं, 'शर्यतीत नियमांचे पालन झाले का?' हा प्रश्न मत मागतो, आणि त्या कायद्याखाली मत मिळत नाही, दस्तऐवज मिळतो. दुसऱ्या अर्जात मी फाइलमध्ये काय काय आहे एवढंच विचारलं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत २०२२ पासून दिलेल्या प्रत्येक परवानगीसाठी दाखल्यांची संख्या, दाखल्यांवर बिल्ल्याचा क्रमांक आहे का, बैलाचं वय नोंदलं आहे का, आणि चित्रीकरण दप्तरी जमा आहे का.

वयाचा रकाना मी मुद्दाम घातला. शर्यतीच्या जाहिरातीवर आणि बक्षिसांच्या यादीवर गट छापलेला असतो, आदत की दुसा. दाखल्यावर पाच वर्षांचा असलेला बैल त्याच दिवशी आदत गटात धावला असेल, तर दोन तपासण्यांपैकी एक चुकली आहे. कोणती, यावर माझी पैज लागलेली आहे. मामा म्हणतात, 'दातवाले चुकायचे नाहीत.'

अर्जाला तीस दिवसांची मुदत आहे. आज बाविसावा.