‘धमनी’ : एका संज्ञेचा आणि एका विकाराचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील मराठी व्यवहारात ‘शीर’ व ‘नस’ हे दोन शब्द शरीरातील बहुतेक सर्व वाहिन्यांना पुरतात. ‘हृदयाची नस तुंबली’ आणि ‘मानेची नस दबली’ या विधानांत रक्तवाहिनी व मज्जातंतू यांचा भेद उरत नाही. यवतमाळ येथे १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील शास्त्रीय परिभाषा आणि रुग्णाची भाषा यांतील अंतर वरवर पाहता केवळ शब्दांचे वाटते. वस्तुतः ते विकाराच्या कल्पनेचे आहे.

‘धमनी’ ही संज्ञा ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे, या धातूपासून आलेली आहे. चरकसंहितेत ध्मानावरून धमनी, स्रवणावरून स्रोतस आणि सरणावरून सिरा अशी व्युत्पत्ती दिली आहे. ग्रीक ‘आर्तेरिया’ हा शब्दही प्रथम श्वासनलिकेचा वाचक होता, आणि एरासिस्ट्राटस या वैद्याच्या मते धमन्यांतून वायूच वाहत असे. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. वायूची कल्पना गेली, शब्द मात्र राहिले. मराठीत पुढे रंगावरून ‘रोहिणी’ व ‘नीला’ ही जोडीही रूढ करण्यात आली.

विकाराच्या नावाचा इतिहासही असाच बोधक आहे. फेलिक्स मार्शांड याने १९०४ मध्ये ‘अॅथेरोस्क्लेरोसिस’ ही संज्ञा योजिली; तिच्या पूर्वपदाचा मूळ अर्थ ‘लापशी’ असा आहे. फिरखो याने त्यापूर्वीच, १८५६ च्या सुमारास, हा विकार धमनीच्या भित्तीचा दाह होय असे प्रतिपादिले होते. आनिच्कोव्ह याने १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून तो विकार निर्माण केला. तथापि ग्रुंट्झिग याने १९७७ मध्ये झुरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृदयधमनी रुंद केली, आणि लोकमानसात तुंबलेल्या नळीचे चित्र दृढ झाले.

हे चित्र अपुरे आहे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात धमनी तातडीने मोकळी केल्याने प्राण वाचतात, यात शंका नाही. परंतु स्थिर स्वरूपाच्या विकारात औषधोपचाराला या क्रियेची जोड दिल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत आढळले. अनेकदा झटका येतो तो फारशा अरुंद न झालेल्या जागी, भित्तीवरील थर फुटल्यामुळे.

लक्ष्यवेधी नॅनोकणांचे संशोधन या भित्तीकडेच वळते. ‘नॅनो’ म्हणजे ग्रीकमध्ये खुजा. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग होय. रोगट थरात नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटतात आणि त्यांच्या पेशींवर विशिष्ट प्रथिन प्रकट होते. त्या प्रथिनाला चिकटणारे कण सेंट लुई येथील विक्लाइन व लान्झा यांच्या गटाने तयार केले. २००३ मध्ये सशांच्या महाधमनीतील प्रारंभिक विकार चुंबकीय प्रतिमेत त्यांमुळे दिसला. २००६ मध्ये तशाच कणांतून ‘फ्यूमाजिलिन’ हे औषध पोहोचवून नव्या वाहिन्यांची वाढ रोखण्यात आली. निदान व उपचार एकाच कणात एकवटले. मात्र ही पद्धत अद्यापि धमनीविकाराच्या नित्य उपचारांत आलेली नाही.

‘नळी साफ झाली’ असे ऐकणारा रुग्ण स्वतःस बरा झालेला समजून औषध सोडू शकतो; ‘धमनीची भिंत आजारी आहे’ असे ऐकणारा तसे करण्यापूर्वी विचार करील. ‘धमनी’ हा शब्द वायूची कल्पना ओलांडून टिकला. आता ‘तुंबणे’ या क्रियापदालाही मागे टाकण्याची वेळ आली आहे.